टाकीचा उभा सांधा

आमच्या गावात कुठलीही गोष्ट उद्घाटन झाल्याशिवाय सुरू होत नाही. हापसा दुरुस्त झाला तरी आधी नारळ फुटतो आणि मग पाणी येतं. स्मशानातल्या शेडचं उद्घाटन लांबलं, तेव्हा दोन म्हातारे शेडच्या बाहेर उन्हात जाळलेले मी स्वतः पाहिलेत. शेड मागे नवीकोरी उभी होती, खांबाला फीत बांधलेली होती. ती तोडायची कोणाची छाती झाली नाही. मेलेल्यांची तक्रार नव्हती, म्हणून जिवंतांनी ते मनावर घेतलं नाही.

चोपड्याकडून शिरपूरला जाताना केळीच्या बागा लागतात, त्यांतच कुठेतरी हे गाव आहे. मी मोतीलाल, गावाचा मोती मिस्तरी. धंदा वेल्डिंगचा. दीपनगरला वीजकेंद्रात ठेकेदारांच्या हाताखाली वीस वर्षं काढली, मग गावी येऊन रस्त्याकडेला दुकान टाकलं. आमच्या वस्तीतल्या विहाराचं दार माझं, शाळेचं फाटक माझं, निम्म्या गावाच्या खिडक्यांचे गज माझे. माझ्या हातच्या सांध्यातून कधी थेंब गळला नाही, हे मी येईल त्याला ऐकवतो. न विचारणाऱ्यालाही ऐकवतो. ती माझी खोड आहे.

आता टाकीचं सांगतो.

गावात द्रौपदाबाई अक्कांचा बारा बायांचा बचत गट आहे. या बाया सहा वर्षांपासून जीवामृत करतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात कालवायची, ड्रमावर गोणपाट टाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं आणि आठवड्याच्या आत केळीला घालायचं. अक्कांचं जीवामृत घातलेली केळी ओळखू येते, असं सावद्याचे केळीचे व्यापारीसुद्धा म्हणतात. प्लास्टिकचे ड्रम अपुरे पडायला लागले, म्हणून अक्कांनी तालुक्याला चपला झिजवून एक योजना मंजूर करून आणली. लोखंडी टाकी मिळणार, टाकीतून थेट ठिबकच्या नळीत जीवामृत जाणार. योजना मंजूर झाली बायांना, आणि टाकी झाली नानांची.

लीलाधर नाना म्हणजे आमच्या फळबाग सोसायटीचे चेअरमन. त्यांना कोणी आणि कधी निवडून दिलं हे आता गावात कोणालाच आठवत नाही. ते आहेत, एवढंच सगळ्यांना माहीत. टाकीची बातमी कानावर पडली त्याच संध्याकाळी नाना अक्कांच्या अंगणात जाऊन बसले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही बाराच्या बारा बाया. इतली मोठी टाकी तुम्हनावरी कशी उभी ऱ्हाई? तुम्ही फक्त शेण कालवा, बाकी मी देखस." दुसऱ्या दिवशी ठेका त्यांच्या पुतण्याला, सुयशला मिळाला. सुयश पदविकाधारक इंजिनिअर आहे. हे त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवरही लिहिलंय.

मी चार मिलिमीटरचा पत्रा सांगितला होता. सुयशने दोनचा आणला. "काका, पाण्यालाच तर ठेवायचंय," म्हणाला. टाकी गोल, उभ्या पिंपासारखी, दोन माणसांच्या उंचीची, खालून-वरून घुमटाकार बंद आणि चार बुटक्या पायांवर उभी. अशा टाकीला आडवे सांधे दोन असतात, तळाचा एक आणि माथ्याचा एक. आणि पत्रा गोल वळवून जिथे त्याची दोन टोकं मिळतात तिथे वरपासून खालपर्यंत एक उभा सांधा.

हा उभा सांधा टाकीचा जीव असतो. आतून दाब आला की आडव्या सांध्यावर जेवढा ताण येतो त्याच्या दुप्पट उभ्यावर येतो. हे मला पुस्तकाने नाही शिकवलं, दीपनगरच्या एका म्हाताऱ्या फोरमनने शिकवलं. भुईमुगाची शेंग अंगठ्याखाली दाबून दाखवली त्याने. शेंग उभीच उकलते, आडवी कधी तुटत नाही. म्हणून उभा सांधा बाहेरून भरायचा, आणि मग टाकीत उतरून आतूनही भरायचा, असा नियम. दोन्हीकडून भरला तरच पत्रा एकजीव होतो. नुसता बाहेरून भरला तर दिसायला तोच सांधा, पण निम्मा.

टाकीच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. सोमवार ठरला. गुरुवारी माझं आतलं काम राहिलेलं होतं, आणि नाना दुकानात येऊन उभे राहिले. शुक्रवारी टाकी जागेवर हवी, शनिवारी भरायला हवी, म्हणजे सोमवारी साहेबांनी नळ फिरवला की जीवामृत धो धो पडेल. मी म्हटलं, आतला सांधा राहिलाय, दीड दिवस लागेल. नाना हसले. "आतमा डोकावाले कोण जास रे मोती?"

सोसायटीच्या नव्या शेडच्या छताच्या लोखंडी कैच्यांचं काम मला द्यायचं नानांनी कबूल केलं होतं. ते ह्या वेळी त्यांनी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती. मी बाहेरून ग्राइंडर फिरवला, प्रायमर मारला, वर हिरवा रंग दिला. सांधा असा काही साफ दिसत होता की मीच दोन पावलं मागे होऊन त्याच्याकडे बघितलं.

नानांना तेवढाही चालला नाही. टाकी जागेवर उभी करताना म्हणाले, "ही रेघ फोटोमा दिसी. मांगे फिरव." मग आम्ही टाकी फिरवली. उभा सांधा मागच्या बाजूला गेला, निंबाच्या झाडाकडे. त्या झाडाखाली बाया बसतात, गूळ फोडतात, शेण चाळतात. गावात सावलीची बरी जागा तेवढीच.

शनिवारी बायांनी टाकी भरली. बादल्या वर चढवून माथ्यावरच्या झाकणातून ओतता ओतता त्यांच्या खांद्याचे तुकडे पडले. नाना बघायला आले आणि त्यांनी नाक दाबलं. सहा वर्षं गावात जीवामृत होतंय, पण नानांनी त्याचा वास पहिल्यांदाच घेतला होता. भरल्यावर झाकण बोल्टांनी आवळलं होतं; माथ्यावर मी एक नळी तेवढी ठेवली होती, आतला वायू बाहेर पडावा म्हणून. वास तिथून येत होता. आणि व्यासपीठाची जागा वाऱ्याच्या नेमकी खालच्या अंगाला.

"साहेबांस्ना नाकमा हाऊ वास गया ते?" नाना म्हणाले. "मोती, तठे बूच मार."

मी काही बोलायच्या आत अक्का बोलल्या. "नाना, ते जितं ऱ्हास. तेन्हा सास कोंडाई जाई. आमी गोणपाट टाकतस, झाकण नही टाकतस."

"दोन दिनना प्रश्न शे अक्का. दोन दिन सास कोंडी ते कोणी मरत नही."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी वर चढलो, नळीच्या आट्यांना टेप गुंडाळली आणि लोखंडी बूच पान्याने आवळून बसवलं. चांगलं घट्ट. अर्धवट काम मला जमत नाही, हेही मी गावभर सांगत असतो.

सोमवारी मांडव पडला, गालिचा आला, सोफा आला, टाकीला झेंडूच्या माळा लागल्या आणि खालच्या नळाला लाल फीत बांधली गेली. दुपारी बाराला फोन आला: साहेब बुधवारी येतील. बुधवारी अकराला फोन आला: साहेब शुक्रवारी येतील. नानांनी दोन्ही वेळा फोनवर मान लववली, जणू साहेबांना फोनमधून ते दिसत होतं.

मांडव तसाच राहिला आणि फीत तशीच राहिली. मार्च संपत आला होता. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता, आणि आत पाच हजार लिटर शेण-गूळ उन्हाने शिजत होतं. बाहेर पडायला वाट नव्हती. वाट मीच बंद केली होती.

गावच्या बकऱ्या झेंडूवर टपलेल्या असत. म्हणून नानांनी अक्कांना राखणीला बसवलं. "तुम्हनीच टाकी शे अक्का, तुम्हीच राखा." टाकी अक्कांची आहे, हे नानांनी कबूल केलं ते त्या एकाच कामापुरतं. अक्का सकाळपासून संध्याकाळपर्यंत काठी घेऊन बसत. कुठे बसत? जिथे सावली होती तिथे. निंबाखाली, टाकीला पाठ टेकून. त्यांच्या पाठीत आणि माझ्या सांध्यात एका लुगड्याचं अंतर होतं.

बुधवारी संध्याकाळी मी टाकीला फेरी मारली. माळा टांगण्यासाठी शनिवारी मी पोटाभोवती एक तार गुंडाळली होती, ती तेव्हा सैल होती. आता तिच्याखाली नखही शिरत नव्हतं. पत्र्यावर टिचकी मारली तर आवाज वेगळाच आला, ताणून बांधलेल्या हलगीसारखा. आणि मागे, उभ्या सांध्यावर, माझ्या हिरव्या रंगाला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर गेलेली. लोखंड ताण सोसतं, रंग सोसत नाही. पत्रा हलायला लागला की सगळ्यात आधी रंग फुटतो.

अक्का ह्यालाच टेकून बसतात. ही बाई मरेल, आणि माझ्या हातून मरेल. दुसरं काही डोक्यात येईना.

मी नानांकडे गेलो. बूच काढू द्या म्हटलं. नानांनी सुयशला बोलावलं. सुयशने फोनवर आकडे टाकले, खालचा ओठ पुढे काढून बघितले आणि म्हणाला, "काका, दहा फूट उंचीचं पाणी. त्याचा दाब तो किती! आपला पत्रा सात पट सुरक्षित आहे."

"तुझ्या हिशेबात गूळ आहे का?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पाणी कुजत नाही रे बाबा. हे आंबतंय. आत वायू तयार होतोय आणि त्याला जायला जागा नाही. वरून खाली सगळीकडून सारखा रेटतोय तो."

"जीवामृत म्हणजे नव्वद टक्के पाणीच असतं, काका." असं म्हणून त्याने फोन खिशात घातला. शंका मिटली होती, त्याची आणि नानांची.

मग मी नानांना म्हटलं, बूच नसेल काढायचं तर नळ तरी घटकाभर सोडू द्या. नाना दचकले. नळाला फीत बांधलेली होती. "उद्घाटनना पयले नळ? मोती, तू शहाणा का येडा? साहेबांस्ना हात लागाले पाहिजे. आधीच सोडा ते मंग ते काय उद्घाटन करतीन, मन्हं डोकं?"

गुरुवारी सकाळी मी पुन्हा गेलो. ह्या वेळी हाताला धरून नानांना टाकीमागे नेलं आणि रंगावरची चीर दाखवली. अक्का तेव्हा बकऱ्यांमागे गेलेल्या होत्या. नानांनी चीर बघितली. बराच वेळ बघितली. मला वाटलं, समजलं. नाना म्हणाले, "हाई वंगाळ दिसस." दुपारी चोपड्याहून एक फ्लेक्स आला, सात फुटी, आणि त्यांनी तो टाकीच्या मागच्या बाजूला सांध्यावर ताणून बांधला. फ्लेक्सवर नाना दोन्ही हात जोडून उभे, वर 'हार्दिक स्वागत'. संध्याकाळी अक्का नानांच्या पायाशी टेकून बसल्या होत्या.

त्यांना मी आडून सांगून बघितलं. "अक्का, इकडे मांडवात बसा ना, पंखा आहे."

"त्या पंखानं मन्ही मान धरी जास," अक्का म्हणाल्या. "आठे बरं शे. टाकी कशी गरम शे, पाठ शेकाई जास."

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं: अक्का, सांधा आतून भरलेला नाही, उठा. पण ते वाक्य गावभर जायला दोन तास लागले असते, आणि मग मोती मिस्तरीला कोणी कोंबड्यांच्या खुराड्याचं दारही सांगितलं नसतं. म्हणून मी नानांना दाबाचं सांगितलं, वायूचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. सांध्याचं सांगितलं नाही. शेंगेला दाब कसा उकलतो ते सांगितलं, शेंग मुळात अर्धीच मिटलेली होती ते गाळलं.

शुक्रवारी सकाळी नऊला साहेब धुळ्याहून निघाल्याचा फोन आला. ह्या वेळी खरंच निघाले होते. मांडव भरला. ग्रामपंचायतीचा शिपाई पंडित सूत्रसंचालक झाला होता. त्याने कोट घातला होता आणि सोमवारपासून पाठ केलेलं भाषण त्याला बाहेर काढायची घाई झाली होती. बाया नवी लुगडी नेसून आल्या, पण त्यांच्यासाठी खुर्च्या नव्हत्या. त्या मागे उभ्या राहिल्या. अक्का राखणीला.

मी टाकीमागे गेलो. फ्लेक्सवर नानांच्या मिशीखालच्या, वाऱ्यासाठी पाडलेल्या भोकातून एक तपकिरी ओघळ हनुवटीवर आला होता. बघता बघता तो गळ्यातल्या उपरण्यापर्यंत गेला. फ्लेक्सच्या मागे माझा सांधा रडायला लागला होता. खाली अक्का निवांत तंबाखू मळत होत्या.

"अक्का, उठा."

"बकऱ्या येतीस."

"येऊ द्या बकऱ्या. उठा म्हणतो ना!"

"साहेब यी ऱ्हायना, अन मी उठू? नाना काय म्हनी?"

मी धावत व्यासपीठावर गेलो. नाना माईकसमोर उभे होते आणि पंडित त्यांना आवाज बरोबर येतोय का ते विचारत होता. मी नानांचा दंड धरला.

"नाना, सांधा गळतोय. अर्ध्या तासात टाकी फाटेल."

"मोती, आते नको. सुयशनी हिशेब करेल शे."

"सुयशच्या हिशेबाला घाला चुलीत! तो सांधा मी आतून भरलेलाच नाही. नुसता बाहेरून मारलाय. तुम्ही घाई केली आणि मी भ्यालो, शेडचं काम जाईल म्हणून. अर्धा सांधा आहे तो, नाना. आणि अक्का त्याला टेकून बसलीय!"

माईक चालू होता.

चारही भोंग्यांतून माझं बोलणं गावावर गेलं, केळीच्या बागांवरून गेलं, पार बसस्टँडपर्यंत गेलं असणार. मांडवात एवढं शांत झालं की सोफ्यावरच्या प्लास्टिकचा आवाज ऐकू आला. एवढ्या वर्षांचं माझं नाव तेवढ्या वेळात संपलं. सुयश माझ्याकडे बघून हळूच हसला, कारण आता कोणाला धरायचं ते ठरलं होतं.

अक्का टाकीमागून आल्या. हातात काठी, डोक्यावरचा पदर नीट. घाईने नाही, चालत आल्या.

"मी जठे बसेल शे, तोच सांधा का?" त्यांनी मला विचारलं.

"हा, अक्का."

त्यांनी मागे उभ्या असलेल्या बायांना काठीने खूण केली, तशा सगळ्या निंबापासून लांब झाल्या. मग त्या टाकीच्या पुढच्या बाजूला आल्या, नळापाशी.

"अक्का, फीत!" नाना ओरडले. "अक्का, साहेब फाट्यावर यी ग्यात! दहा मिनिटं!"

अक्कांनी फितीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. गाठ पक्की होती. मग त्यांनी फीत दातांनी तोडली आणि दोन्ही हातांनी नळ फिरवला.

सहा दिवस कोंडलेलं जीवामृत नळातून जे सुटलं ते जमिनीवर पडलंच नाही. सरळ गेलं. गालिच्यावरून गेलं, व्यासपीठावरून गेलं आणि साहेबांसाठी आणलेल्या सोफ्यावर आदळून वर उसळलं. पहिला मान नानांना मिळाला. दुसरा सुयशला. पंडित कोटासकट न्हाऊन निघाला, पण त्याची पाठ केलेली वाक्यं थांबेनात; तोंडातलं थुंकून तो माईकवर म्हणाला, "आणि आता तो सोनेरी क्षण…" लोक पळाले, खुर्च्या आडव्या झाल्या. वासाचं विचारू नका. बाया मात्र लांब उभ्या राहून हसत होत्या. पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि त्यातल्या दोघी-तिघी रडतही होत्या. बादल्या त्यांनीच वर चढवल्या होत्या ना.

टाकीतून हळूहळू कण्हल्यासारखा आवाज आला, पोटावरची तार सैल झाली आणि मिशीखालचा ओघळ थांबला. ते मी मागे जाऊन डोळ्यांनी पाहिलं. मी तिथेच चिखलात बसलो.

साहेबांची गाडी आली, पण मांडवाच्या अलीकडेच थांबली. काच खाली झाली, लगेच वर गेली. नाना तशा अवतारात गाडीकडे धावले. उरलेली फीत दोन माणसांनी गाडीच्या खिडकीसमोर ताणून धरली, काच चार बोटं खाली झाली, आतून कात्री बाहेर आली. फीत कापली. फोटो झाला. गाडी वळली.

शनिवारच्या पेपरात बातमी होती: साहेबांच्या शुभहस्ते महिलांच्या जीवामृत प्रकल्पाचा शुभारंभ. फोटोत एक हात आणि एक कात्री. सोमवारी टाकीवर संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर साहेब होते, नाना होते, सुयश होता. सोसायटीच्या सभेत ठराव झाला की मोतीलाल मिस्तरीने निकृष्ट काम केल्यामुळे नुकसान झालं, त्याने ते काम आतून-बाहेरून पुन्हा करून द्यावं, आणि शेडचं काम दुसऱ्याला द्यावं. हात वर करणाऱ्यांत माझ्या दुकानातून रोज फुकट टाका मारून नेणारेही होते. बूच कोणी मारायला सांगितलं, हे सभेत कोणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. सांगितलं कोणी ते राहू द्या, मारलं मी होतं.

मंगळवारी मी वेल्डिंगची केबल घेऊन टाकीत उतरलो. वरचं झाकण हेच तेवढं आत जायचं भोक. आत भट्टी होती, आणि सहा दिवसांचा वास पत्र्यात मुरलेला. सांध्याच्या आतल्या बाजूला टॉर्च धरला. मधल्या हातभर लांबीत केसाएवढी फट पडली होती, फ्लेक्स उतरवल्यामुळे बाहेरच्या निंबाचा हिरवा उजेड तिथून आत दिसत होता. दोन पत्रे अगदी कडेकडेने एकमेकांना धरून होते. तिथे मी बोट लावून बघितलं. बाहेरच्या अंगाला, त्याच सांध्याच्या खालच्या भागाला अक्कांची पाठ टेकलेली असायची.

वर सावली पडली. अक्का शिडीवर होत्या, झाकणाच्या कडेला हात ठेवून खाली वाकून बघत होत्या.

"मोतीभाऊ," त्या म्हणाल्या. "नानाले तू कितींदाव सांगं, टाकी फुटी म्हणीसन?"

"दोनदा सांगितलं, अक्का. व्यासपीठावर तिसऱ्यांदा."

"अन माले?"

मी रॉड पकडीत अडकवायला लागलो. तो अडकेना.

"मी रोज तठेच बसेल व्हतू. तू रोज तठून जास व्हता. माले पंखानं सांगं तू. सांधानं नही."

"चुकलं, अक्का."

"नानाले कसाले सांगं? टाकी तेन्ही व्हती का? का जीव तेन्हा व्हता?"

मी रॉड पुन्हा पकडीत बसवला. अंगावरून घाम निथळत होता आणि डोळे चुरचुरत होते. वेल्डिंगचा धूर सुरू झाला की इथे उघड्या झाकणाशिवाय माणूस घटकाभरही टिकत नाही.

"अक्का," मी म्हणालो, "तेवढं झाकण उघडं राहू द्या."

मग शिडीवरून त्यांच्या चपला खाली उतरल्याचा आवाज आला, आणि पत्र्याच्या पलीकडून, अगदी सांध्याशी तोंड लावून बोलावं तसा त्यांचा आवाज आला.

"थांब. उघडं ठेवानं का नही, ते मी नानाले इचारी येस."